बारा कुलपांचा ठराव

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

रोहिणी,

वर "विषय" असं लिहून दोनदा खोडलंय, ते तुला दिसेलच. तेहतीस वर्षं ग्रामसेवकी केलेल्या माणसाला विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय पुढची ओळ सुचत नाही. सहा वर्षांनी स्वतःच्या मुलीला लिहायचं तर विषय काय टाकणार? संदर्भ तर त्याहून अवघड.

तुझा पत्ता आईच्या वहीतून घेतला. विचारून घेतला, चोरून नाही. "लिवा की, कोन धरलंय तुमाला," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

दर रविवारी सकाळी आई आत बसून तुझ्याशी फोनवर बोलते आणि मी ओसरीवर पेपर घेऊन बसतो. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवते, यात माझा काही दोष नाही. तासभर मी एकच पान वाचतो. नंतर कोणी विचारलं तर त्यातली एक बातमी मला सांगता येणार नाही, पण तू जेवायला काय केलं होतंस ते सांगता येईल.

आज तू कामाचं सांगत होतीस. तुमच्या त्या ऑस्ट्रेलियातल्या गावाजवळ नौदलाचा तळ आहे, तिथं अणुशक्तीवर चालणाऱ्या परदेशी पाणबुड्या येऊन राहणार. त्यांची माणसं, बायकापोरं येणार. मग घरं पुरतील का, दवाखान्यात खाटा आहेत का, शाळा, रस्ते, आणि उद्या काही बिघडलं तर लोकांनी काय करायचं, ही सगळी तयारी तुमच्या नगरपालिकेच्या गळ्यात. आणि गावाचं म्हणणं ऐकून त्याचा अहवाल लिहायचं काम तुझ्या गळ्यात. आईनं विचारलं, "ती फुटली तर गं?" तू हसून म्हणालीस, "आई, तिथली लोकं पण हेच विचारतात." तुझं हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

गावात ही बातमी आधीच पोचलीय. चहाच्या हॉटेलात पप्पू मला म्हणाला, "भाऊसाहेब, रोहिणीताई पानबुडी चालवत्यात म्हनं." ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर आला तरी पोरं टाळ्या वाजवतात, तिथं पाणबुडी काय समजावून सांगणार? मी हो म्हणालो.

पण एका गोष्टीवर राहवलं नाही म्हणून हे लिहायला घेतलं. तू म्हणालीस, बैठक घेतली तर तेवीस माणसं आली आणि त्यातली अकरा तुमच्याच ऑफिसातली. बैठक कधी ठेवली होतीस, तर दुपारी चारला! अगं, दुपारी चारला दोनच जातीची माणसं येतात. ज्याला काही काम नाही तो, आणि ज्याचं काही काम अडलंय तो. बाकीचं गाव कामावर असतं. आणि कॉम्प्युटरवर टाकलं म्हणजे लोकांना कळवलं असं होत नाही. आपल्याकडे हलगी वाजवून दवंडी द्यायचे, ती सुद्धा नुसती पारापाशी दिली तर माळापर्यंत जात नाही.

तू मला विचारलेलं नाहीस. न विचारता सल्ला द्यायची खोड जुनीच आहे.

त्या प्रकरणाबद्दल मला नव्यानं काही सांगायचं नाही. तू जाताना मी जे सांगितलं तेच. तारीख वरून आली होती. तलाव झाला, त्याचं पाणी आज सगळं गाव पितं. असो.

पत्र पोचलं की सांग. मला नको, आईला सांग.

आप्पा


रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

रोहिणी,

पत्र पोचलं. आज तू आईला म्हणालीस, "पत्र आलंय." कोणाचं ते म्हणाली नाहीस. मग पलीकडून इतका वेळ काही आवाज नाही, की आईला वाटलं फोन कटला. ती हॅलो हॅलो करत बसली. मी ओसरीवर पेपरचं पान उलटायचं विसरून बसलो होतो. फोन कटला नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण तुझ्याकडच्या पाखरांचा आवाज येत होता.

पुढं तू शेजारणीचं सांगितलंस. तिचा नवरा खाणीत कामाला. विमानानं जातो, दोन आठवडे तिकडंच राहतो, एक आठवडा घरी. तुझ्या गल्लीतली निम्मी माणसं अशीच, म्हणालीस. आईला नवल वाटलं ते विमानाचं. मी मात्र पेपर खाली ठेवला आणि उभाच राहिलो.

अगं, ही तर आपली ऊसतोडीची माणसं! विमानानं जातात एवढाच काय तो फरक.

तुझी दुसरी बैठक ११ डिसेंबरला आहे. त्या दिवशी खाणीवरची किती माणसं घरी असतील, हे पाहिलंस का? नसतील, तर तुझ्या अहवालात त्यांच्याबद्दल काय येणार? आले नाहीत म्हणजे विरोध नाही, असंच येणार. कागद असाच असतो, जो हजर नाही त्याची संमती धरून चालतो. ती माणसं पंधरा दिवसांनी बॅगा घेऊन घरी येतील तेव्हा त्यांच्या वतीनं तू सगळं मान्य करून बसलेली असशील.

पत्राला तीन आठवडे लागतात आणि बैठकीला अकराच दिवस उरलेत. म्हणून आज मी दारात जाऊन आईला खुणेनं सांगितलं, विचार तिला, खाणीची माणसं कधी घरी असतात. आईनं विचारलं. तू म्हणालीस, "हे कोण विचारतंय?" आई म्हणाली, "मीच की." तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तरी तू उत्तर दिलंस. "बघते," म्हणालीस. एक शब्द, पण तो मला दिलेला होता, निदान मी तरी तसंच धरलंय.

आता तू विचारशील की आप्पांना हे एवढं झटक्यात कसं सुचलं. पूर्वी अशा वेळी शाई संपली म्हणून पत्र आवरतं घेता यायचं. हल्लीच्या पेनात किती शाई उरलीय ते आरपार दिसतं.

आप्पा


रविवार, १४ डिसेंबर २०२५

रोहिणी,

दोन आठवडे पेन घेऊन बसतो आणि उठतो. आज लिहून टाकतो.

तारीख वरून आली नव्हती. वरून आलं होतं ते एवढंच, की तलावाचा ठराव लवकर पाठवा. तलाव झाला तर खालच्या अंगाला गावच्या पुढाऱ्याचा, विजयसिंहांचा, सगळा मळा भिजणार होता, म्हणून त्यांची घाई. पण तारखेची जागा कोरी होती. "पाडव्यानंतर ग्रामसभा घेतो" असं मी कळवलं असतं तर कोणी मला फासावर दिलं नसतं. मी सव्वीस जानेवारी टाकली. माझ्या हातानं, निळ्या शाईनं.

तेव्हा, सोळा वर्षांपूर्वी, तलावासाठी धरलेल्या माळाच्या गायरानावर बारा घरं होती. दसरा झाला की ती सगळी माणसं दाराला कुलूप लावून ऊसतोडीच्या टोळीत जायची आणि कारखाने बंद झाले की पाडव्याला परत यायची. जानेवारीत मी पंचनाम्याला गेलो तेव्हा बाराही दारांना कुलपं होती. एका अंगणात उलटी घातलेली बाज होती. एका भिंतीवर खडूनं पाढे लिहिलेले होते. मी लिहिलं, घरात कोणी आढळले नाही. हे खरंच होतं. रोहिणी, माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही खोटा शब्द लिहिला नाही, आणि लोकांचं जे वाटोळं केलं ते खऱ्या शब्दांनीच केलं.

ग्रामसभेला गावठाणातली माणसं आली आणि हात वर झाले. ठराव वहीत नीट उतरवायचा होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुझं मोत्यासारखं. मी सांगत होतो, तू लिहीत होतीस. "सदर गायरानावर कोणाचीही वस्ती नाही" या ओळीला तुझं पेन थांबलं. तू मान वर केलीस. "आप्पा, बबिता राहते ना तिथं?"

मी काय म्हणालो ते तू सहा वर्षांपूर्वी याच ओसरीवर माझ्या तोंडावर म्हणून दाखवलंस. "आत्ता राहते का? आत्ता न्हाई ना? मग लिही." मी तेव्हा म्हणालो की मी असं बोललोच नव्हतो. बोललो होतो. शब्दन् शब्द तोच.

तू दहावीत होतीस, बापानं सांगितलं ते लिहिलंस. तुझ्या अंगाला त्यातलं काही लागत नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण हे सांगायचं तर सगळं माझ्या अंगाला लावून घ्यावं लागलं असतं.

का केलं? माझी बदली आष्टीकडे लागली होती. ठराव गेला तर ती थांबणार होती आणि तुझं पुढचं कॉलेज केजला घरून झालं असतं. झालंही. हे लिहिलं आणि आता वाटतंय, नको होतं लिहायला. हे तुझ्या डोक्यावर ठेवायला लिहिलेलं नाही. खोडत नाही, कारण खोडलं तर तू ते उजेडात धरून वाचशीलच.

तुझ्या वर्गातली बबिता टोळीतून फेब्रुवारी अखेरीला एकटी आली होती, परीक्षेसाठी. ती नसताना पाच महिने तू तिच्या वह्या उतरवून ठेवल्या होत्यास. तिच्या घराच्या जागी मुरमाचा ढीग होता. ती परीक्षेला बसलीच नाही. त्या वह्या अजून आपल्या ट्रंकेत आहेत. आईनं त्यांच्यावर कडुलिंबाचा पाला बदलत ठेवलाय, कसर लागू नये म्हणून. मला कधी एका शब्दानं बोलली नाही ती, फक्त पाला बदलत राहिली.

आप्पा


मंगळवार, २७ जानेवारी २०२६

रोहिणी,

११ डिसेंबरची बैठक तू पुढं ढकललीस हे आईकडून कळलं. खाणीवरची माणसं येतात तो आठवडा आणि जातात तो आठवडा, दोन्ही धरून दोन शनिवारी ठेवलीस, वर घरोघर चिठ्ठ्या टाकतेयस. साहेब नाराज झाले म्हणे. होऊ देत. साहेब नाराज होणं ही काम बरोबर चालल्याची पहिली खूण, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

काल इथं सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. उभं राहून सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं. आईनं इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि कुठं चाललात हेही विचारलं नाही. झेंडावंदन झालं, सभा सुरू झाली, मी उभा राहिलो. सरपंच म्हणाले, "बोला भाऊसाहेब."

मी समोर पाहिलं. बारा घरांतलं एकही माणूस नव्हतं. कुठून असणार? सगळे ऊस तोडायला गेलेले. तीच तारीख, तोच पार, तेच हात. सोळा वर्षांपूर्वी ज्यांच्या पाठीमागं ठराव केला, त्यांच्याच पाठीमागं मी आता माफी मागायला उभा होतो. माझा मलाच इतका राग आला की काय सांगू.

"काय म्हनायचंय?" सरपंचांनी पुन्हा विचारलं.

"पंखा लावा," म्हणालो आणि खाली बसलो. जानेवारीच्या थंडीत. पप्पूनं आज दिवसभर मला त्यावरून सोललंय.

ती माणसं आता कुठं राहतात ते तुला ठाऊक आहे, रस्त्याच्या कडेला पत्रे ठोकून. सरकारी घरकुलाला जागा लागते, जागा मागायला आधीची वस्ती दाखवावी लागते, आणि आपल्या दोघांच्या त्या ओळीमुळं ती वस्ती कागदावर कधी नव्हतीच. म्हणजे माफी मागून भागणार नाही, ती ओळ दुरुस्त झाली पाहिजे.

बबिताच्या बापाची, परमेश्वरची, टोळी यंदा कड्याच्या बाजूला आहे, बबिता आणि तिचा नवराही त्याच टोळीत आहेत असं कळलं. गुरुवारी निघतो. एसटीनं बीड, तिथून पुढं कडा. आईनं आत्तापासूनच पिशवी भरायला घेतलीय. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या त्या वह्या. मी काही म्हणालो नव्हतो.

आप्पा


शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

रोहिणी,

कड्याला जाऊन आलो त्याला आठवडा झाला. एवढे दिवस लिहिलं नाही, कारण निरोप तुझ्यासाठी आहे आणि तो जसा दिला तसाच पोचवायचाय. माझ्या भाषेत उतरवला तर त्याचाही ठराव होईल.

फडात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. परमेश्वर उसाची मोळी बांधत होता. साठी उलटलीय त्याची. मला पाहून म्हणाला, "भाऊसाहेब? हितं कावून आलात?"

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. तारीख मी टाकली, तुमी घरी नसणार हे ठाऊक असून टाकली, कुलपं होती म्हणून घरं रिकामी लिहिली.

त्यानं मोळीची गाठ पुरती आवळली. मग म्हणाला, "आमाला म्हाईत न्हवतं व्हय हे? गावाला म्हाईत न्हाई. आमी सोळा वर्सं सांगतोय तर लोक म्हंत्यात, कागदात न्हाई. हितं सांगून काय, ऊस ऐकतोय निस्ता. गावात सांगा."

"सांगतो. तुमी सगळे आलात की सांगतो. मे महिन्याच्या ग्रामसभेत."

"बगू," म्हणाला आणि दुसरी मोळी घेतली. मला बसा म्हणाला नाही. का म्हणावं त्यानं?

बबिता पलीकडं कोयता चालवत होती. हातांना कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या. तिनं मला ओळखलं, पण काम थांबवलं नाही. हातात घेतलेली उसाची ओळ संपल्यावर आली. मी फडकं सोडून वह्या पुढं केल्या. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि विज्ञानाची वही उघडली.

"ह्येच अक्षर," म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं ते असं. "आमी तहसीलला गेलतो तवा ठरावाची नक्कल काढली. बाबाला वाचता येत न्हाई, मीच वाचून दाखविली. पयल्या वळीलाच वळखलं कुनी लिवलंय ते. बाबानं इचारलं, कुनी लिवलं गं ह्ये? मी म्हनलं, असंल कुनी तरी कारकून."

रोहिणी, तिला पहिल्यापासून माहीत होतं. सोळा वर्षं तिनं तुझं नाव कोणाला सांगितलं नाही. बापालाही नाही. तिथंच उभ्या उभ्या परमेश्वरनं ते पहिल्यांदा ऐकलं आणि मोळी तशीच टाकून तिच्याकडं बघत राहिला.

"राग न्हाई असं न्हाई," ती म्हणाली. "लई राग आला. आजून बी येतो, हातात कोयता घेतला की येतो. पर तिनं माज्या वह्या बी लिवल्या. पाच म्हैने, रोज. कोन लिवतं? तिला म्हनावं, आता त्याच अक्षरात खरं लिवून दे. हितं वस्ती व्हती. बारा घरं व्हती. बारा जनाची नावं घाल. मी वाचीन. मग बोलते मी तिच्याशी."

वह्या तिनं ठेवून घेतल्या. तिची मुलगी सातवीत आहे. "बगंल म्हनं अक्षर कसं असावं," म्हणाली.

सोबत एक रेघांचा कोरा कागद पाठवतोय. तुमच्याकडं कागद मिळत नाहीत असं नाही, पण हा आपल्या केजचा आहे. काय लिहायचं ते मी या वेळी सांगणार नाही.

आप्पा


रविवार, २२ मार्च २०२६

रोहिणी,

पाडवा होऊन तीन दिवस झाले. कारखाने बंद पडायला लागलेत, टोळ्या परतायला लागल्यात. रस्त्याकडच्या पत्र्यांत पुन्हा चुली पेटल्या. परमेश्वर पारावर दिसला. नुसतं पाहिलं. तुझा कागद आला का ते बघायला मी पोस्टात जाऊन आलो होतो, ते त्याला कळलं असावं.

तुझ्याकडून काही आलेलं नाही.

गेले तीन रविवार तू आईशी कमी बोलतेस. बैठकीचं मात्र सांगितलंस. तीनशेच्या वर माणसं आली, खुर्च्या पुरल्या नाहीत, एक खाणीवाला तर तुझ्यावर ओरडला की हे आम्हाला आधी का विचारलं नाही. "लोक भांडले आई, खूप भांडले," म्हणालीस. भांडले म्हणजे आले, पोरी. भांडायला आलेला माणूस तुझ्यावर विश्वास ठेवूनच आलेला असतो. आपल्या सव्वीस जानेवारीला कोणी भांडलं नव्हतं.

मला भीती वाटते. बबिताला ठाऊक होतं हे मी तुला कळवलं, ते चुकलं का? तू सहा वर्षं माझ्यावर रागावून होतीस, तेवढा एक आधार तरी तुला होता. तो काढून घेतला की काय मी?

खरं सांगतो. मी साठीच्या पुढचा, पेन्शनीवरचा माणूस आहे, कोणाकडं काही मागायची सवय नाही. पण तुझी हाक ऐकायला माझा जीव तुटतो. घरात तू चालत आलीस की आधी हाक यायची आणि मग तू. "आप्पा, पाणी." "आप्पा, माझी चप्पल." "आप्पा, हे बघा." फोनमधून तू आईला आई म्हणतेस, शेजारणीला नावानं हाक मारतेस, मांजरालाही काहीतरी म्हणतेस. मी ओसरीवर बसून माझ्या नावाची वाट बघतो. येत नाही. येऊ नये असंच मी वागलोय, हे कळतं. कळून उपयोग होत नाही एवढंच.

कागद नाही आला तरी मी एक मेला बोलणार आहे. तुझ्यावर अडवून ठेवत नाही. चौकशी लागली तर लागो.

आप्पा


शनिवार, २ मे २०२६

रोहिणी,

काल तुला ऐकू सगळं आलं असेल, पण दिसलं नसेल. आईनं फोन पदराखाली धरला होता. म्हणून लिहितो.

तुझं पाकीट आलं ते अठरा एप्रिलला. वर माझं नाव, तुझ्या अक्षरात. फोडायच्या आधी मी ते बराच वेळ नुसतं हातात धरून बसलो. आत पत्र नव्हतं, तोच कागद होता. वर तू लिहिलं होतंस, "विषय: सव्वीस जानेवारीच्या ठरावातील एका ओळीची दुरुस्ती. संदर्भ: आपले दि. १४ डिसेंबरचे पत्र." ग्रामसेवकाची मुलगी शोभतेस. तो कागद मी प्रथम बबिताकडे नेला. तिनं वाचला, बोट ठेवून एकेक नाव वाचलं, आणि घडी घालून परत दिला. "आता तुमी वाचा," म्हणाली. "मोठ्यानं."

सभा शाळेच्या पटांगणात होती. या खेपेला दवंडी मी स्वतः हलगीवाल्याबरोबर फिरून दिली होती, रस्त्याकडच्या पत्र्यांपर्यंत. बाराही घरांतली माणसं आली. पुढं बसली नाहीत, मागं कुंपणाजवळ उभी राहिली. परमेश्वर, त्याच्या शेजारी बबिता, आणि काठी टेकून बंकट. बंकटला आता नीट दिसतही नाही.

मी उभा राहिलो तेव्हा पहिल्या रांगेतून विजयसिंह म्हणाले, "भाऊसाहेब, जुनी मढी उकरून काय मिळनार? तळ्याचं पानी तुमी बी पिता."

"पितो," म्हणालो. "म्हणूनच बोलतोय." आणि सांगितलं. तारीख कोणी टाकली ते. कुलपं होती म्हणून घरं रिकामी लिहिली ते. विजयसिंह उठून गेले. त्यांच्यामागं आणखी चारजण गेले, पण बाकीचे बसून राहिले. मग मी तुझा कागद काढला.

"सदर गायरानावर बारा घरांची वस्ती होती. ऊसतोडीसाठी गेलेल्या कुटुंबांची घरे कुलूपबंद होती, रिकामी नव्हती. त्यांची नावे पुढीलप्रमाणे."

इथपर्यंत आवाज बरा होता. पहिलं नाव परमेश्वरचं. ते घेतल्यावर मागं कुंपणापाशी तो नुसता "हाय" म्हणाला. शाळेत हजेरी घेतात तसं. मग प्रत्येक जण म्हणायला लागला. नाव घेतलं की "हाय". दुसरं, "हाय". जो मेला त्याच्या जागी त्याची बायको म्हणाली, "हाय." माझ्या चष्म्यात पाणी जमलं, अक्षरं एकमेकांत मिसळली. मी अंदाजानं पुढं वाचत गेलो. अकरावं नाव घेतलं आणि कागद खाली केला. मला वाटलं झालं.

बंकट तसाच उभा होता. तोंड थोडं उघडं, हाय म्हणायच्या तयारीत. त्याला वाटलं असेल, या खेपेलाही राहिलो.

तेवढ्यात आईच्या पदराखालून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तुझा आवाज आला.

"आप्पा, बंकटकाका राहिले."

मी मुद्दाम गाळलं नव्हतं, तुझी शपथ. डोळे पुसले, कागद वर धरला आणि नाव वाचलं. बंकट म्हणाला, "हाय रं बाबा, हाय." मग बबिता हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. सरपंचांनी ठराव मांडला, हात वर झाले. या वेळी मी ते मागच्या कुंपणापासून मोजले.

सभा संपल्यावर आईनं फोन माझ्या हातात दिला. तू हॅलो म्हणालीस, आप्पा ऐकताय का म्हणालीस, आणि मी म्हातारा माणूस नुसता मान हलवत उभा राहिलो. फोनवर मान दिसत नाही हे बबितानं सांगितलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. ती कुंपणापलीकडं जाऊन तुझ्याशी इतका वेळ काय बोलली, ते मी विचारलेलं नाही.

चौकशीचं पत्र येईल तेव्हा येईल. मला त्याचा मसुदा आत्ताच पाठ आहे.

उद्या रविवार. पेपरवाल्याला सांगून पेपर बंद केलाय. मी आईशेजारी आतच बसणार आहे.

आप्पा